पोटाचा नंबर

घाडींच्या घराण्यात बाप होणं ही पत्राने कळायची गोष्ट. पुरुष मुंबईत गिरणीला, बायका कणकवलीच्या अंगाला. गणपतीला माणूस गावी जायचा, आणि पुढे पावसाच्या तोंडाला कधीतरी पोस्टमन सांगायचा की तुला झील झाला, म्हणजे मुलगा. मधल्या महिन्यांत बाईचं काय होतं ते घाडींच्या कुठल्या पुरुषाने पाहिलं नव्हतं, आणि पाहायची हौसही कुणाला नव्हती. पेरून मुंबईला यायचं, कापणीला गावी जायचं, मधली राखण बायकांची.

दशरथलाही दोन पत्रं आली होती. पहिलं, चौथ्यात गेलं म्हणून. दुसरं, आठव्यात झालं पण रडलंच नाही म्हणून. दोन्ही वेळा तो साच्यावर कापड विणत उभा होता. रजा मागितली नाही. काय सांगून मागणार? न आलेल्या माणसाचं सुतक गिरणीत चालत नसे.

मग संप झाला, गिरणी गेली. दशरथ घाटकोपरच्या डोंगराखालच्या एका गाळ्यात पितळी मुठींना चकाकी द्यायच्या कामाला लागला. दिवसभर फिरत्या चाकावर मूठ धरायची, संध्याकाळी तोंड काळं आणि मुठी सोन्यासारख्या. राहायला डोंगरावर पार वरच्या अंगाला पत्र्याची खोली; मालनलाही गावाहून तिथे आणलं. मालनला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनेच सांगितलं, "ह्या खेपेक मी गावाक जावचंय नाय. थंय माका कोण आसा? भावजय? ती आपल्या म्हशीक जास्त बघता."

असा दशरथ घाडी हा आपल्या घराण्यातला बायकोचं पोट रोज पाहणारा पहिला पुरुष ठरला. त्याला कुणी मान दिला नाही, पण शिक्षण मात्र फुकट झालं.

पहिला धडा दिवाळीत. शेजारी चकल्या तळल्या आणि मालन मोरीत जाऊन ओकत पडली. फोडणीचा वास नको, साबणाचा नको, दशरथच्या अंगाला गाळ्यातल्या मेणाचा वास यायचा तो तर मुळीच नको. तो बाहेर पायरीवर बसून जेवायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रे, भायर काढल्यान?" तो म्हणायचा, "वारो घेतंय." वारा कसला, समोर गटार.

संक्रांतीच्या सुमाराला मालनने त्याचा हात धरून पोटावर ठेवला. "कळता?"

"वात आसतलो."

"वात तुमच्या डोक्यात. पोर हलता!"

त्याने हात काढला नाही. काळी बोटं पोटावर तशीच ठेवून, चुलीवरचं दूध उतू जाईस्तोवर बसून राहिला.

होळीला तिची कंबर धरली. तिला भाजक्या मातीचा वास हवासा वाटू लागला. फुटक्या मडक्याचं खापर ओलं करून हुंगत बसायची. पाडव्याला पायात चपला शिरेनात. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. ते दशरथला बघवत नसे, तरी रोज दाबून बघायचा, वाण्याने गुळाची ढेप दाबावी तसा.

पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मालनला तपासलं आणि बोलल्या मात्र दशरथशी. "दोन गेलीयत. आता हंडा उचलायचा नाही. चढउतार कमी. पाणी तुम्ही भरा."

"मी?"

"मग कोण, मी?"

तर पाण्याची तऱ्हा अशी होती. टाकी डोंगरमाथ्यावर, तिथून पाइप उतारावरनं खाली आलेला आणि नळ पार पायथ्याशी. पाणी कधी सुटेल ते देवाला आणि चावीवाल्याला माहीत. पाइप सर्वांत वरच्या ओळीत विमलाकाकीच्या भिंतीला लागून जायचा. आत गडगड झाली की काकी दारात येऊन ओरडायची, "पाणी सुटला गोऽऽ!" खालच्या ओळीने ते झेलायचं, तिच्या खालच्या ओळीने पुढे द्यायचं, आणि नळाला धार लागायच्या आत सगळी वस्ती हंड्यांसकट खाली. काकी म्हणजे वस्तीचा भोंगा. गिरण्यांचे बंद पडले, हिचा चालू होता.

नळावर राज्य वनमालाचं. ती साताऱ्याकडची, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. तिचा एक कायदा होता आणि तो सगळ्यांना मान्य होता: पोटुशी बाईला लाइन नाही. ती आली की पहिला नंबर तिचा.

पहिल्या दिवशी दशरथ दोन हंडे घेऊन सरळ पुढे गेला. "मालनचे हत."

"मालन कुटं हाय?"

"वर. तिका डॉक्टरान बंद केल्यान."

वनमालाने त्याला खालून वर न्याहाळलं. "नंबर पोटाला असतुया. तुजं प्वाट कुटंय? दाव की!"

बायका अशा हसल्या की कळश्या कलंडल्या. दशरथ मागे गेला. त्याचा नंबर यायच्या आत नळ सुसकारे टाकू लागला आणि तो एक हंडा अर्धा घेऊन चढला. वर मालनने पाणी पाहिलं, त्याचं तोंड पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काकीची हाक आली तशी पदर खोचून निघाली.

"तू खंय?"

"तुमका पोट नाय ना? मगे माझा घेऊन चला. रेशनकार्ड समजा."

तेव्हापासून रोज तसंच. मालन हळूहळू उतरायची, नळाशी उभी राहायची, हंडे भरले की दशरथ ते उचलायचा आणि दोघं चढायची. तो ओझ्याने धापा टाकत, ती बिनओझ्याची धापा टाकत. डॉक्टरने वजन बंद केलं, वस्तीने चढण लावली. देणं-घेणं फिटलं. यात चूक कुणाची म्हणाल, तर कुणाचीच नाही, आणि अशाच चुका महाग पडतात.

मे लागला, आठवा लागला. तसं मालनचं बोलणं आटलं. महिन्याचं नाव घ्यायची नाही. कुणी विचारलं तर, "सातवो सरता हा." विमलाकाकी एकदा दशरथला बाजूला घेऊन म्हणाली, "सातव्यातला जगता रे, आठव्यातला नाय. ह्यो म्हयनो कसोय काढ. नववो लागलो की आपण जिंकलंव."

दशरथने मागचं पोर पाहिलं नव्हतं, पण आता ते त्याला दिसू लागलं. चाकावर मूठ धरली की पितळात दिसायचं. मालन कुशीवर निजायची, पाठीखाली गोधडीची घडी. सकाळी उठताना आधी हात टेकायची, मग गुडघा, मग भिंत. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायची. एकदा उतरताना तिचा पाय सरकला आणि तिने शेजारचा पत्रा धरला. हाताला कापलं. दशरथने तिथेच सांगितलं, "बस झाला. उद्यापासून तू उतराचंस नाय."

"नंबर?"

"मारामारी करीन."

त्याने हंडे गाळ्यातच नेऊन ठेवले. गाळ्यापासून नळ हाकेवर. काकीची हाक आली की चाक बंद करून धावायचं, सगळ्यांच्या आधी. शेठने तोंड वाकडं केलं, पण गप्प बसला. तीन पोरींचा बाप होता तो. कदाचित त्यालाही कधीतरी कुणी नळावर हसलं असेल.

त्या आठवड्यात पाणी एक दिवस आलं आणि मग आलंच नाही. वस्ती रिकामी भांडी घेऊन कान लावून होती. बायका भाकरी थापतानाही एक डोळा वर ठेवायच्या.

अशात एका सकाळी वरून हाक आली. "अरे दशरथाक सांगा, पाणी सुटलाऽऽ!"

वरच्या ओळीने झेललं, खालच्या ओळीने दिलं. उतरता उतरता दशरथचं नाव कुठे गळलं कुणास ठाऊक. डोंगराखाली पोचलं ते एवढंच: पाणी सुटलं!

दशरथने हातातली मूठ टाकली, हंडे उचलले आणि धावला. नळाशी चिटपाखरू नव्हतं. पहिला! जन्मात पहिल्यांदा. त्याने हंडा नळाखाली असा ठेवला, जसा देवापुढे नारळ. मागून डोंगर खळखळत उतरला, हंडे, कळश्या, तेलाचे डबे.

"आज प्वाट न आणता म्होरं?" वनमाला.

"पोट वर हा, हंडे हय हत. पहिलो मी इलंय."

"लबाड गडी! गाळ्यात हंडे लपवून ठेवलंस व्हय रं?"

"लपवक ते काय सोन्याचे हत?"

भांडण रंगलं. नळ मात्र सुकाच. दशरथने तोटीला कान लावला. आत काहीतरी फुसफुसत होतं. "हवा येता," त्याने सगळ्यांना सांगितलं. "हवा इली म्हणजे मागसून पाणी येता."

थांबले सगळे. ऊन चढलं. रिकामे हंडे तापून हात लावू देईनात. दशरथ हटला नाही. मनात तो सारखा खूश होत होता: आज दोन हंडे पुरे भरणार, मालनला डोक्यावरून आंघोळ घालायची, आणि ती घरात बसून राहिली तरी पाणी आलं हे तिला दाखवायचं. बापाने केलेलं पहिलं काम. एका बाईने, आता निघते बाई, म्हटलं तर तोच म्हणाला, "काकीचो कान कधी चुकाचो नाय."

आणि काकीच दिसली. अनवाणी, पदर खांद्यावरून सुटलेला, पायऱ्या सोडून सरळ उतारावरून घसरत. आली ती दशरथच्या पाठीत धपाटा घालूनच.

"मेल्या! हय नळाची पूजा करतंस? कवाचा बोलवतंय तुका! पाणी नळाचा न्हय, तुझ्या बायलेचा सुटला!"

दशरथने हंडे तिथेच सोडले.

दशरथ वर कसा गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. मालन पत्र्याच्या पेटीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. खालची जमीन ओली, लुगडं ओलं. तिने स्वतःच फडकं टाकलं होतं, आणि ते कोपऱ्याने ओढून नीट करत होती, जणू पाहुणे यायचेत. कळ आली की ओठ आत घ्यायची. त्याला पाहून तिने विचारलं, "हंडे भरले?"

तो तिच्यापुढे ओल्यातच बसला.

"काकीन कवाचा सांगलान..." ती श्वासाला थांबली. "नळाक धार बरी लागली आसतली."

त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. तिला खरंच वाटत होतं की आपला माणूस पाण्यात गुंतलाय.

मागोमाग वनमाला दारात. हातात सोलापुरी चादर, मागे तीन बाया. "हटा म्होरनं. ए दशरथ, रडायचं मागनं, आदी खालनं धर." चादरीत मालनला घेतलं, चार टोकं चार बायकांनी धरली आणि आडवी करून उतरायला लागल्या. पाऊल टाकायचं, दम घ्यायचा, पाऊल टाकायचं. दशरथ खाली उलटा चालत, दोन्ही हात चादरीखाली. चादरीतून मालनचा हात बाहेर आला आणि त्याच्या सदऱ्याचा काठ धरून राहिला.

निम्म्यावर आल्या आणि पाइप गडगडला.

खरा. आत पाणी उतरत होतं, सगळ्यांना कळलं. चौघींची पावलं एकदम थबकली. हंडे खाली रांगेत होते, धनी नसलेले. घरात दोन दिवसांपासून पाणी नाही. चादरीचं एक टोक ढिलं पडलं. ते नीलाचं होतं. तिच्या घरी तापाने फणफणलेलं पोर. तिने कुणाकडे पाहिलं नाही, टोक दशरथच्या हातात दिलं आणि पळाली.

"निलाजरी!" वनमाला कडाडली. दोन पायऱ्या उतरल्या आणि तिनेच मागून हाक घातली, "जातीस तर माझे बी भर गंऽ!"

हसू कुणालाच आलं नाही. चादर मात्र पुढे सरकली.

रिक्षात मालन, काकी आणि पायाशी अंग दुमडून दशरथ. हॉस्पिटलात उत्तरा नावाच्या सिस्टरने मालनला आत घेता घेता विचारलं, "पाणी कधी सुटलं?"

"आत्ताच ओ," काकी म्हणाली. दशरथच्या काळ्या तोंडाकडे बघून तिला दया आली असावी.

दशरथ पुढे झाला. "आत्ता नाय. सकाळी. मी नळावर उभो होतंय."

"नळावर? कशाला?"

"पाणी सुटला म्हणान."

सिस्टरने दोघांकडे पाहिलं. समजलं की नाही देव जाणे. ती डॉक्टरना हाका मारत आत धावली. जाता जाता ओरडली, "महिना कितवा?"

"सातवो!" काकीने जोरात सांगितलं, आणि दशरथ काही बोलायच्या आत त्याच्या दंडाला चिमटा काढला. "गप. देवाच्या कानार जाता."

ऊन कलताना मुलगी झाली. रडली म्हणायचं की नाही यावर आयांचं एकमत होईना; मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी केलं म्हणे. कापसात गुंडाळून तिला वरच्या मजल्यावर बाळांच्या खोलीत नेलं. दशरथने कापूसच पाहिला. साऱ्या जन्मात त्याने कापूस ओढला, विणला, तुडवला; त्यात माणूस असतं हे त्याला माहीत नव्हतं.

बाळांचे डॉक्टर बाहेर आले ते घाम पुसत. तरुण होते, दाढी वाढलेली. "बाप कोण? तुम्ही? हे बघा, श्वास घेताना फार कष्ट पडतायत तिला. सातव्याची मुलं म्हणजे छाती तयार झालेली नसते. खोटी आशा देत नाही."

दशरथ गोंधळला. "पण सायबा, आठव्यापरास सातव्यातला बरा ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"अहो, आईच्या पोटात जितकं जास्त राहील तितकं पोर तयार! आठवा असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो."

दशरथच्या डोक्यात हे शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तसं त्याने डॉक्टरांचा हातच धरला. "आठवो हा! डॉक्टर, आठवो!"

डॉक्टरांनी हात सोडवला. "मघाशी सातवा, आता आठवा. लिलाव लावलाय का?"

"देवाशपथ आठवो. मी बघलंय ना! दिवाळीक तिका चकलेचो वास सोसलो नाय. संक्रांतीक पोर हललां, हय, ह्या हाताखाली. होळीक कंबर धरली, मडक्याची खापरा हुंगूक लागली. पाडव्याक चपला शिरनत. बोट दाबला की खळगो... मी रोज दाबून बघी. काकीन भियान सातवो सांगलान. लिवा, आठवो लिवा!"

व्हरांड्यातले लोक वळून बघू लागले. कुणी बाप आपल्या बायकोच्या ओकाऱ्यांचा असा भरचौकात पाढा वाचताना त्यांनी पाहिला नव्हता. दशरथला त्याची शुद्ध नव्हती.

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. "अंगावरून मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण ऐका. आठवा लिहिला म्हणून ती मोठी होत नाही. पाणी जाऊन फार वेळ झालाय, त्याचीही भीती आहे. औषध जे आहे तेच आहे."

"पण आठवो बरो ना?"

"आठवा बरा," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

खाली मालन भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ फुटलेले. त्याची चाहूल लागताच म्हणाली, "काकीन सातवो सांगलान ना?"

दशरथ स्टुलावर बसला. वरची गोष्ट सांगायला तो जिने धावत उतरला होता. जिभेच्या टोकावर होती. "मालन, डॉक्टर म्हणता..."

ती झटक्यात वळली. पोटाला पीळ पडला तरी वळली. "तोंडातसून काढू नका! मागचा त्याच म्हयन्यात गेला. माका फसवू नका. सांगा, कितवो लिवलो?"

तिच्या डोळ्यांत जे होतं त्यापुढे डॉक्टरचं शिक्षण टिकणारं नव्हतं.

"सातवो," दशरथ म्हणाला.

"खरा?"

"तुझ्या गळ्याशपथ."

तिने त्याचा काळा हात ओढून गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. मग उठवून पेज दिली ती प्याली.

सकाळी बाळ अजून होतं. त्यापलीकडे कुणी काही सांगेना. सिस्टर आली आणि मालनला दूध वाटीत काढायला शिकवून गेली. मालन दात आवळून पिळत होती, आणि वाटीच्या बुडाला कष्टाने पिवळसर ओल जमत होती. पोरगी चोखायला लहान, थेंबाने घालायचं. दशरथने वाटीवर फडकं धरलं आणि निघाला. दारात वनमाला. हातात पेजेचा डबा, मागे काकी. समोरच्या जिन्यावरून डॉक्टर उतरत होते. पाठीमागे खाटेवर मालन कोपरावर उठून बसलेली.

वनमालाला हळू बोलणं येत नव्हतंच. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तिने विचारलं, "पोरगी कितव्यातली रं, दशरथ?"

काकीने डोळे वटारले. डॉक्टर पायरीवर थांबले. मालनचा श्वास त्याला पाठीवर कळला.

"आमच्यातली," दशरथ म्हणाला, आणि वाटी न हिंदकळवता जिना चढू लागला.